घरच्या कॉम्प्युटरची राखण कोणावर सोपवावी?

कॉम्प्युटर हळू चालू लागला की तो दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणायची आपल्याकडे पद्धत आहे. परत आलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज असते, ऑफिस असते, फोटो सजवायचे एखादे महागडे सॉफ्टवेअरही असते आणि पुष्कळदा यांपैकी कशाचेही पैसे कोणी भरलेले नसतात. सगळे चालू व्हावे म्हणून एक छोटासा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ किंवा ‘क्रॅक’ चालवलेला असतो. तो चालवण्याआधी पाळायची सूचना जवळजवळ नेहमी एकच असते: अँटिव्हायरस बंद करा. सगळेच दुकानदार असे करत नाहीत. गिऱ्हाइकाला विंडोजची ‘की’ विकत घ्यायला लावणारेही आहेत. पण इंटरनेटवरून स्वतःच क्रॅक उतरवणारा घरातला कॉलेजातला मुलगाही हीच सूचना निमूटपणे पाळतो. केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाखाली फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा माहिती चोरणारा प्रोग्राम पसरत असल्याचे रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून ‘स्पायवेअरपासून वाचायला कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ असे कोणी विचारले की मी आधी एवढेच पाहायला सांगतो, की कॉम्प्युटरबरोबर जे संरक्षण आले होते ते चालू आहे का, की कोणी बंद करून ठेवले आहे?

या प्रश्नाला एका नावात उत्तर देता येत नाही, कारण ज्यापासून वाचायचे ती गोष्टच गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलली. २००० साली स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रामरला आपल्या कॉम्प्युटरवर एका जाहिरात कंपनीचा न मागितलेला प्रोग्राम सापडला. तो काढून टाकायला त्याने ‘ऑप्टआउट’ नावाचे छोटे साधन लिहिले. त्याच सुमारास ‘अ‍ॅड-अवेअर’ आणि पॅट्रिक कोला यांचे ‘स्पायबॉट’ ही मोफत साधने घरोघरी पोचली. त्या काळी गाणी उतरवण्याच्या ‘काझा’सारख्या प्रोग्रामबरोबर ‘गेटर’सारखे सोबती गुपचूप आत येत, आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याची नोंद ठेवत आणि तिच्या आधारे पडद्यावर जाहिरातींच्या खिडक्या उघडत. तो त्रास निदान डोळ्यांना दिसत होता.

आजचा चोर काहीच दाखवत नाही. या जातीच्या प्रोग्रामांना ‘इन्फोस्टीलर’ म्हणतात. रेडलाइन, विडार, लुमा ही त्यांतली गाजलेली नावे. असा प्रोग्राम एकदा चालला की काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, कुकी, क्रिप्टो वॉलेट आणि डेस्कटॉपवरच्या कामाच्या फाइल गोळा करतो, त्यांचा गठ्ठा बाहेर पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःच्या खुणा पुसून निघून जातो. हे इतके सहज होते त्याला कारण आहे. ब्राउझर आपले पासवर्ड सांकेतिक रूपात साठवतो खरा, पण विंडोजवर ते उलगडण्याची सोय आपल्या खात्याशी बांधलेली असते. आपल्या नावाने चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामने मागणी केली की विंडोज ते उलगडून देत असे. जुलै २०२४ मध्ये गूगलने क्रोमपुरती ही फट बुजवायचा प्रयत्न केला, आणि त्या उपायाला वळसा घालणाऱ्या इन्फोस्टीलरच्या आवृत्त्या त्याच वर्षी बाजारात आल्या.

यात कुकीचा मुद्दा सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक असतो. आपण ईमेलमध्ये एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन शिरलो की ते संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला एक ओळखखूण, म्हणजेच कुकी, देऊन ठेवते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीपी द्यावा लागत नाही. ती खूण चोराने उचलून स्वतःच्या ब्राउझरमध्ये ठेवली की त्यालाही पासवर्ड विचारला जात नाही आणि ओटीपीही लागत नाही. ‘माझ्या खात्याला ओटीपी लावलाय’ हा दिलासा इथे उपयोगी पडत नाही. बँकेचे संकेतस्थळ चार-पाच मिनिटे काही केले नाही तर आपल्याला बाहेर काढते, तेव्हा आपण वैतागतो. पण त्याच घाईमुळे तिथली चोरलेली खूण लवकर निरुपयोगी होते. ईमेल आणि फेसबुक मात्र महिनोन्‌महिने उघडेच असतात, आणि कितीतरी सेवांचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच ईमेलवर येतात. अशी चोरी किती पसरली आहे? मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमाच्या यंत्रणेवर कायदेशीर कारवाई केली तेव्हा जाहीर केलेला आकडा असा होता: १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर लुमाने बाधित झालेले आढळले.

चोराचे काम मिनिटांत उरकत असेल तर रविवारी सकाळी एकदा ‘स्कॅन’ मारून भागणार नाही. त्यामुळे निवडीचा पहिला निकष आपोआप ठरतो: सॉफ्टवेअरने सतत जागे राहून प्रत्येक फाइल उघडण्याच्या क्षणी तपासली पाहिजे. ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ म्हणतात ते हेच. मालवेअरबाइट्स हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते आणि ते चांगलेही आहे, पण चाचणीचे दिवस संपले की त्याची मोफत आवृत्ती आपण सांगू तेव्हाच तपासते. संशय आला की दुसरे मत घ्यायला ती ठेवावी. तिच्या एकटीच्या भरवशावर मात्र राहू नये. सतत जागणारे एकच सॉफ्टवेअर ठेवावे, हेही इथेच सांगायला हवे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले तर एकच फाइल दोघेही अडवून धरतात, एकमेकांनाच संशयित ठरवतात आणि कॉम्प्युटर रांगू लागतो.

आता त्या आधीपासून आलेल्या संरक्षणाकडे वळू. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये ‘जायंट’ नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या स्पायवेअरविरोधी प्रोग्रामवर आपले ‘विंडोज डिफेंडर’ उभे केले. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्यातच पूर्ण अँटिव्हायरस आला. सुरुवातीला त्याची कामगिरी खरोखरच कच्ची होती. जर्मनीतल्या माग्देबुर्ग इथल्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेने त्या वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या मोफत अँटिव्हायरसला प्रमाणपत्रच नाकारले होते. ‘डिफेंडर काही कामाचे नाही’ हे दुकानांतून आजही ऐकू येणारे मत त्या काळचे आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने त्यावर बरीच मेहनत घेतली, आणि गेली काही वर्षे त्याच प्रयोगशाळेच्या कसोटीत संरक्षणाला ते नियमितपणे सहापैकी सहा गुण मिळवत आले आहे. अस्सल आणि अद्ययावत विंडोज ११ असलेल्या, क्रॅक न वापरणाऱ्या घराला वेगळे अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही असे माझे स्पष्ट मत आहे. ते पैसे फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घेण्यात घालावेत.

पण ते नीट चालू असले पाहिजे. स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ असे शोधून ते उघडावे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि ‘टँपर प्रोटेक्शन’ हे तिन्ही खटके चालू असायला हवेत. शेवटचा खटका चालू असेल तर एखाद्या चोरट्या प्रोग्रामला डिफेंडर परस्पर बंद करता येत नाही. त्याच पानावर खाली ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी आहे, तिच्याकडे कोणी सहसा पाहत नाही. डिफेंडरने जिथे तपासायचे नाही अशा जागांची ती यादी असते. क्रॅक बसवताना तिथे एखादे फोल्डर, कधी कधी तर आख्खा सी ड्राइव्ह घातलेला असतो. वर हिरवी खूण दिसत राहते आणि खाली तपासणी होतच नाही. घरगुती कॉम्प्युटरवर ही यादी रिकामीच असली पाहिजे. मग ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप’ अडवण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघावे. मोफत सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येणारे जाहिरातबाज प्रोग्राम त्याने अडतात.

मग पैसे देऊन कोणी घ्यावे? दोन कारणे मला खरी वाटतात. एक, डिफेंडरची बरीच ताकद मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या सर्व्हरवर आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथली एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्था इंटरनेट जोडलेले आणि तोडलेले अशा दोन्ही स्थितींत चाचणी घेते, आणि नेट नसताना डिफेंडरची पकड ठळकपणे ढिली पडते असे तिच्या अहवालांत वारंवार दिसले आहे. जिथे नेट दिवसभर ये-जा करते आणि फाइली पेन ड्राइव्हवरूनच फिरतात, अशा गावातल्या महा ई-सेवा केंद्राला किंवा झेरॉक्सच्या दुकानाला हा फरक जाणवू शकतो. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर अनोळखी पेन ड्राइव्ह लागत असतात आणि त्याच कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, पॅन आणि बँकेचे कागद उघडलेले असतात. दोन, घरगुती विंडोजमधली फसवी संकेतस्थळे अडवण्याची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करते. क्रोम आणि फायरफॉक्स यासाठी गूगलची ‘सेफ ब्राउझिंग’ यादी वापरतात, तीही चांगली आहे. पण विकतचे चांगले सॉफ्टवेअर कोणत्याही ब्राउझरमधला फसवा दुवा स्वतः तपासते. घरात वयस्कर माणसे असतील आणि ती आलेला प्रत्येक दुवा विश्वासाने उघडत असतील, तर हा जादा थर घेण्यासारखा आहे.

विकत घ्यायचेच ठरले तर पुण्याचे क्विक हील महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांत व्हायरस सापडत. त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात त्यातून क्विक हील तयार झाले. कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली. चेन्नईचे के-सेव्हन हेही अस्सल भारतीय सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरचा एक फायदा कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही: अडचण आली की जवळच्या दुकानात माणूस भेटतो आणि आपल्या भाषेत बोलतो. ज्यांना इंग्रजीतला इशारा वाचून घाबरायला होते त्यांच्यासाठी हा फायदा मोठा आहे. तरी घेण्याआधी ताजा चाचणी-अहवाल पाहावा, मग कंपनी पुण्याची असो की परदेशातली.

अहवाल वाचताना एकाच आकड्यावर भाळू नये. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता असे प्रत्येकी सहा गुण देते. यातल्या तिसऱ्या सदरात प्रामुख्याने खोटे इशारे मोजलेले असतात, म्हणजे निर्दोष प्रोग्रामला किती वेळा चोर ठरवले ते. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. जे सॉफ्टवेअर रोज उगीच ओरडते त्याचा इशारा माणूस हळूहळू न वाचताच बंद करायला शिकतो, आणि खऱ्या चोराच्या दिवशीही तेच करतो. शिवाय एका महिन्याच्या निकालाला अर्थ कमी असतो, वर्ष-दोन वर्षांचे सातत्य पाहावे. एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि लंडनची एसई लॅब्ज यांचे अहवाल मोफत वाचायला मिळतात.

याउलट ‘यंदाची दहा सर्वोत्तम अँटिव्हायरस’ अशा याद्यांवर मी विश्वास ठेवत नाही. त्यांतल्या पुष्कळ याद्या प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळवतात, आणि काही तर त्याच धंद्यातल्या कंपन्यांच्या मालकीच्या असतात. क्रॉसरायडर या कंपनीची ब्राउझर एक्स्टेन्शन बनवण्याची यंत्रणा जाहिराती घुसवणाऱ्यांनी इतकी वापरली, की तिचे नाव अँटिव्हायरस कंपन्यांच्या ‘नको असलेले प्रोग्राम’ या यादीत आजही सापडते. त्या कंपनीने पुढे तो व्यवसाय सोडला, २०१८ मध्ये ‘केप टेक्नॉलॉजीज’ असे नाव घेतले, त्याच वर्षी मॅकसाठी अँटिव्हायरस बनवणारी इंटेगो ही कंपनी विकत घेतली, आणि २०२१ मध्ये सुमारे १५ कोटी डॉलर मोजून व्हीपीएनची परीक्षणे छापणाऱ्या संकेतस्थळांचा एक समूहच घेऊन टाकला. सॉफ्टवेअर विकणारा आणि त्याला गुण देणारा एकच असू शकतो, हे वाचकाला त्या पानावर ठळकपणे दिसत नाही.

इथून आपण निवडीच्या सगळ्यांत अवघड भागाकडे येतो. अँटिव्हायरस म्हणजे घरातल्या प्रत्येक खोलीची किल्ली ज्याच्या हाती द्यायची असा माणूस. तो प्रत्येक फाइल उघडू शकतो, प्रत्येक दुवा पाहू शकतो आणि विंडोजच्या गाभ्यापाशी बसून काम करतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका फटक्यात बंद पडले, ते इतक्या खोलवरच्या प्रवेशामुळेच. तेव्हा या कंपनीचे पोट कशावर भरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अव्हास्टचे उदाहरण यासाठी नीट लक्षात ठेवावे. जगभर कोट्यवधी लोक त्याचे मोफत अँटिव्हायरस वापरत होते. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले, की वापरणाऱ्यांनी कोणती पाने पाहिली याचा तपशील कंपनी आपल्या ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत होती. नावे काढून टाकली आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते; पण एखाद्याने दिवसभरात पाहिलेली पाने वेळेसकट ओळीने मांडली की तो कोण हे शोधणे फारसे कठीण राहत नाही. कोणी एखाद्या आजाराची माहिती वाचत होते, कोणी कर्जाची, कोणी आपल्या धर्माची. जंपशॉट लगेच बंद झाली. ग्राहकांचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आणि असा तपशील जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश काढला. पाळतीपासून वाचवतो असे सांगून आत आलेला प्रोग्रामच पाळत ठेवत होता, ही गोष्ट मला साध्या चोरीपेक्षा गंभीर वाटते. आज अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन हे चारही ब्रँड ‘जेन डिजिटल’ या एकाच कंपनीचे आहेत, त्यामुळे एकावर रागावून दुसऱ्याकडे जाताना मालक तोच नाही ना, हे बघावे.

मायक्रोसॉफ्टही या प्रश्नातून सुटत नाही. गेटर बनवणाऱ्या कंपनीने पुढे ‘क्लॅरिया’ असे नाव घेतले होते. २००५ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्ट ती विकत घेण्याच्या विचारात असल्याच्या बातम्या येत असतानाच, मायक्रोसॉफ्टच्या स्पायवेअरविरोधी प्रोग्रामने क्लॅरियाच्या सॉफ्टवेअरबद्दलचा आपला सल्ला ‘बाजूला काढा’वरून ‘दुर्लक्ष करा’ असा बदलला. सगळ्यांना एकच नियम लावताना हा बदल झाला, असे मायक्रोसॉफ्टचे स्पष्टीकरण होते, आणि ती खरेदीही शेवटी झाली नाही. तरी कशाला स्पायवेअर म्हणायचे हे कोणीतरी माणूस, कोणत्यातरी दबावाखाली बसून ठरवत असतो, हे त्या उन्हाळ्यात उघड्यावर आले. कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या सॉफ्टवेअरला प्रयोगशाळा वर्षानुवर्षे उत्तम गुण देत आल्या, तरी जून २०२४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून त्याच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, आणि तिथल्या बहुतेक ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर सप्टेंबरमध्ये ‘अल्ट्राएव्ही’ नावाचे दुसरेच अँटिव्हायरस आपोआप येऊन बसले. भारतात अशी बंदी आलेली नाही. पण अपडेटच्या वाटेने कंपनी आपल्या कॉम्प्युटरवर काय काय करू शकते, त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तोतयांचा धंदाही याच क्षेत्रात सगळ्यांत जास्त चालला. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांचे प्रोग्राम खोटी तपासणी करून शेकडो ‘धोके’ दाखवत आणि ते काढायला पैसे मागत. फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्यामागच्या लोकांवर खटला भरला, तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे म्हटले होते. हा प्रकार अंधाऱ्या कोपऱ्यापुरता नव्हता: ऑफिस डेपो ही मोठी अमेरिकी दुकानसाखळी ‘मोफत तपासणी’ करून देत असे, आणि तुमचा कॉम्प्युटर हळू चालतो का, अशा प्रश्नांपैकी एकाला जरी ‘हो’ म्हटले तरी तो प्रोग्राम मालवेअरची लक्षणे असल्याचे सांगत असे. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला तो प्रोग्राम पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. हल्ली हीच भीती ब्राउझरच्या कोपऱ्यातून येते. एखाद्या पानावर नकळत ‘अलाउ’ दाबले गेलेले असते, आणि मग रोज ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आढळले’ अशा सूचना एखाद्या नामांकित कंपनीच्या चिन्हासकट येत राहतात. कॉम्प्युटरला बहुधा काही झालेले नसते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून ती अनोळखी संकेतस्थळे काढून टाकली की आवाज थांबतो. त्या सूचनेतल्या नंबरवर फोन मात्र कधीच करू नये. पलीकडचा माणूस आधी एनीडेस्कसारखे दुरून कॉम्प्युटर चालवायचे अ‍ॅप उतरवायला सांगतो आणि पुढचे सगळे आपल्याच हातून करून घेतो.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी काही वाटा त्याच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि २०२४ पासून पसरलेली एक युक्ती तर नेमकी अशाच एका वाटेने येते. ‘मी रोबो नाही’ अशी चौकट दिसते. खूण केल्यावर पुढची पायरी म्हणून विंडोजची कळ आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगितले जाते. पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. या तीन कृतींनी आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो, आणि लुमासारखा चोर आत येतो. आज्ञा खुद्द मालकानेच दिलेली असल्यामुळे अँटिव्हायरसला ती कधी कधी उशिरा कळते. कोणतीही खरी पडताळणी असे करायला सांगत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. दुसरी वाट एक्स्टेन्शनची. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ कर्त्याने विकले, नव्या मालकाच्या हाती त्यात संशयास्पद कोड शिरला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून काढून टाकले. वापरणाऱ्यांनी स्वतःहून काहीच बदलले नव्हते. म्हणून एक्स्टेन्शन मोजकी ठेवावीत. त्या मोजक्यांत जाहिराती अडवणारे एक असावे, कारण सॉफ्टवेअरचे नाव शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीच पुष्कळदा बनावट डाऊनलोडकडे नेतात. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना हाच सल्ला दिला होता.

रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते वापरू नये. मुलांना आणि स्वतःलाही साधे ‘स्टँडर्ड’ खाते करावे. काही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि त्या क्षणी थांबून वाचले जाते. जुन्या कॉम्प्युटरचा प्रश्न मात्र खाते बदलून सुटत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत नोंदणी केलेल्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. डिफेंडरच्या व्हायरस-यादीची अपडेट मायक्रोसॉफ्ट २०२८ पर्यंत देत राहणार असल्यामुळे पडद्यावर सगळे ठीक दिसेल, पण मुदतीनंतर विंडोजमध्ये सापडणारी नवी भोके तशीच उघडी राहतील. अशा कॉम्प्युटरवर महागडे अँटिव्हायरस घालण्यापेक्षा बँकेची कामे त्यावरून हलवणे शहाणपणाचे.

एक प्रकार वेगळ्या काळजीने सांगायला हवा. पाळत ठेवणारा प्रोग्राम कधी घरातल्याच माणसाने बसवलेला असतो: संशयी नवरा, पूर्वीचा जोडीदार, एखादा नातेवाईक. अशा सॉफ्टवेअरविरुद्ध काम करणाऱ्या संस्था आणि कंपन्यांची एक आघाडी २०१९ मध्ये उभी राहिली आणि बरीच अँटिव्हायरस आता त्याबद्दल स्पष्ट इशारा देतात. पण तो प्रोग्राम काढला की बसवणाऱ्याला लगेच कळते. घरात मारहाणीचे भय असेल तर आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून विश्वासाच्या माणसाशी किंवा महिला हेल्पलाइनशी बोलावे आणि मगच त्याला हात लावावा.

आणि चोरी झाल्याचा संशय आलाच तर त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नयेत, नवे पासवर्डही तिथूनच जातील. आधी त्याचे इंटरनेट तोडावे. दुसऱ्या फोनवरून प्रथम ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, कारण चोरलेली कुकी निकामी करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. मग बँक, मग बाकीचे. नंतर बाधित कॉम्प्युटरवर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासते, त्यामुळे लपलेला प्रोग्रामही हाती लागू शकतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधने आहेत, त्यांत क्विक हील आणि के-सेव्हनचीही आहेत. माझ्या मते इन्फोस्टीलर सापडला असेल तर फाइली वाचवून अस्सल विंडोज नव्याने टाकणेच बरे. पैसे गेले असतील तर हे सगळे नंतर: आधी बँकेला कळवून खाते आणि कार्ड गोठवावे, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन लावावा आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ व बँकेचा एसएमएस हाताशी ठेवावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ती रक्कम अडवता आली तर ती पहिल्या काही तासांतच येते.